प्राजक्ताचे बूट

पुनावळे

अहो,

तुमच्या गुडघ्यांना नमस्कार, हट्टाला न्हाई. लेकाच्या घरी मी बरी हाय. तुम्ही वेळेवर जेवता ना?

आपली नात प्राजक्ता बारावीच्या सराव परीक्षेत पहिली आली. परवा जिन्यात चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त न्हाई, झोप न्हाई. चौघींना ओढत रेष गाठणारी कबड्डीची पोर! अभ्यास बुडतो म्हणून तिचे बूट मीच माळ्यावर टाकले होते. काल काढून दिले, तर म्हणाली, "आजी, आता पळवत नाही."

हे पत्र तीच लिहितेय. ते वाक्य तिनं दोनदा खोडलं. मला अक्षर कळत न्हाई, पण खोडलेलं कळतं. मी तिसऱ्यांदा सांगितलं.

रविवारी तिला घेऊन येते. मार्क विचारू नका.

तुमची अंगठेबहाद्दर,
छबू