भुरीच्या धारेची गाणी

पुणे

माझ्या मायला सुकन्याचं लांबूनच पाया पडणं.

फोनवर तू "जेवलीस का?" एवढंच विचारतीस आन् ठेवून देतीस, म्हणून ही चिठ्ठी. जीवनदादा वाचून दाखवील. त्याच्या मोबाईलवर गाणी पाठवलीत. माय, माझा पहिला अल्बम झाला! सगळी गाणी मीच रचलेली, संगं नुसती गिटार.

मी मजेत हाय. खोलीत ऊन येतं, शेजारीण ज्वारीची भाकरी देती. तुझ्यासारखी पातळ न्हाई जमत तिला.

रेकॉर्डिंगवाला पहिल्या दिवशी सारखा म्हणायचा, "आवाज वाढवा." वाढवला, तर वडवणीच्या बाजारात कांदे विकल्यावानी वाटाया लागलं. मग मी गिटारीवर कपाळ टेकवलं, धार काढताना आपल्या भुरीच्या कुशीला टेकवायचे तसं, आन् हळूच गायले. म्हशीपाशी कुणी वरडून गातं का? त्यानं गुमान माईकच जवळ सरकवला.

आबा म्हणतील, पोरीला आवाजच न्हाई. म्हणू दे.

तुझा गुडघा कसा हाय? मी पुण्याला आल्यापासून भुरी पान्हा चोरती, तुला लाथ मारती, असं जीवनदादा म्हणला. तू मला का गं सांगितलं न्हाईस?

सांजच्याला धारेला बसशील तवा मोबाईल गोठ्यात ठेव आन् पहिलं गाणं लाव. भुरीनं पान्हा सोडला तर अल्बम चांगला झाला म्हणायचं. न्हाई सोडला तर गाणं बंद कर आन् मला फोन लाव. मीच येते धार काढाया.

तुझी लेक,
सुकन्या