लाँगरीचची जमीन

ब्रिस्बेन, रविवार

प्रिय बाबा,

माझी निवड झाली! क्वीन्सलंडच्या मुलींच्या रग्बी संघात! आईला लगेच सांग. अक्षर वाकडं आलंय, कारण अंगठ्याला पट्टी आहे. हे मात्र तिला सांगू नकोस.

चाचणीच्या सामन्यात तीन पोरी अंगाला लोंबकळत होत्या, तरी मी चेंडू घेऊन पळतच राहिले. संघ निवडणाऱ्या सेफाबाईंनी मला बाजूला घेतलं. "काय गं, तू पडत कशी नाहीस?"

"आमच्या लाँगरीचला पडलं की गुडघे सोलवटून निघतात, बाई. मैदान कसलं, नुसते दगड अन् काटे."

त्या पोट धरून हसल्या. "अगं, इथे हिरवळ आहे. पडून तर बघ!"

मग काय, संध्याकाळभर मी मुद्दाम पडत होते. गादीच की रे!

टाकीत पाणी उरलंय ना? धाकटी टेस सरावाला जाते ना?

आणि हो, मैदानावर हिरवळ लावा म्हणून तू इतकी वर्षं नगरपालिकेच्या मागे लागलायस. टेसची निवड होईपर्यंत जरा गप्प बस.

तुझी न पडणारी,
ब्रॉन