गोदूच्या नावाची तबकडी

मी, चांगदेव अंबाजी थळे, वय वर्षे एकसष्ट, धंदा ग्रामोफोन व तबकड्यांची विक्री, राहणार रेवदंडा, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, माझ्याच दुकानात माझ्याच बाकावर बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. छातीचे तसे नाही. अलिबागच्या डॉक्टरांनी ती नळी लावून ऐकली, मान हलवली आणि गोळ्या लिहून दिल्या. कोणी मला धमकावून, पाजून किंवा गोड बोलून हे लिहून घेतलेले नाही. गोड बोलून माझ्याकडून काहीही करून घेणारी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी गोदू, आणि ती चार वर्षांपूर्वी वारली.

माझे वारस दोन. मुलगा सदा, मुंबईत रेडिओच्या कारखान्यात नोकरीला. मुलगी काशी, तिचे लग्न येत्या वैशाखात ठरले आहे. आमच्या आगरी लोकांत लग्न धवलारीण लावते. ती धवले गाते, देवांना आवतण देते, नवरानवरीची नावे घालते, आणि मग हळद लागते. काशीच्या हळदीला आमच्या गावच्या धवलारीण आवडाबाई यांनी धवले म्हणावेत एवढीच माझी इच्छा राहिली आहे. आवडाबाई अकरा वर्षे माझ्याशी बोलत नाहीत. दोष माझा आहे. वकील म्हणाले, मिळकत आधी लिहा, मनातले मागाहून. बरे, तसे करतो.

कलम १. राहते घर, मागची वाडी, विहीर आणि सात माड सदा व काशी यांना निम्मे निम्मे द्यावेत. मुलीला घरात वाटा कशाला म्हणून भावकीत कुजबुज होईल. होऊ दे. आईची सेवा तिने केली आहे. गोदूच्या अंगावरचे सोने काशीचे, त्यात सदाच्या बायकोने लक्ष घालू नये. पोस्टातल्या पुस्तकात जे असेल ते लग्नाला लावावे.

कलम २. बाजारातले दुकान सदाला द्यावे. सदाला वाटते, आता तबकड्यांचे दिवस भरले, ट्रान्झिस्टर ठेवावेत. ठेव बाबा. डाव्या भिंतीला ठेव. पण रेडिओ तुला हवे ते गात नाही, त्याला हवे ते गातो, आणि गाणे संपले की परत म्हण म्हणून सांगायची सोय नाही. म्हणून उजव्या भिंतीची फळी आणि बाक हलवायचा नाही, ही अट आहे. सत्तेचाळीस साली मुंबईतल्या एका तबकड्यांच्या दुकानातली नोकरी सोडून मी आगबोटीने रेवदंड्यास उतरलो तेव्हा माझ्याजवळ एक चावीचे यंत्र आणि भाताच्या पेंढ्यात बांधलेली ट्रंकभर गाणी होती. थळ्यांचा चांगदेव मिठागर सोडून गाणी विकणार म्हणून बंदरावर लोक हसले. त्याच लोकांनी पुढे हा बाक झिजवला.

ऐकवल्याशिवाय तबकडी विकायची नाही, ही या दुकानाची रीत. ऐकून विकत घेतली नाही तरी चालेल. होड्या बंदरात आल्या, मासळी वाळत पडली, की कोळणी टोपली दाराशी ठेवून बसत. एकीलाही गाण्याचे नाव ठाऊक नसे. "ते रं, बाय रडते आणि मागून पेटी वाजते, ते लाव," असे सांगत, आणि मी तेच लावत असे. सतरा वर्षांत माझे दोनदाच चुकले. गिऱ्हाइकाला गुणगुणता आले पाहिजे, आणि दुकानदाराला ऐकता आले पाहिजे. सदा, तुला हे जमेल. तू लहानपणी तबकडीचा नुसता वास घेऊन नवी-जुनी ओळखायचास.

कलम ३. विक्रीच्या तबकड्या दुकानाबरोबर सदाच्या. त्या उभ्या ठेवाव्यात, आडव्या रचू नयेत. प्रत्येक तबकडीला नवी पिन. जुनी पिन दगडावर घासून परत लावणारा मनुष्य माझ्या दुकानात नोकर म्हणून राहणार नाही आणि जावई म्हणूनही नाही. हल्ली न फुटणाऱ्या मोठ्या तबकड्या आल्या आहेत, एका बाजूला पाच-सहा गाणी. आवाज सुंदर आहे, खोटे कशाला बोलू. पहिली आली त्या दिवशी मी दुकान लावून घेतले आणि ती तीनदा ऐकली. पण फुटत नाही म्हणून लोक तिला पाटासारखी वापरतील. ओरखडा तिलाही पडतो. लहान मुलाला धरतात तशी कडेने धरावी.

कलम ४. माझा धाकटा भाऊ मोरू याने एक्कावन्नच्या शिमग्यात माझी एक दुर्मिळ तबकडी ऐकायला नेली आणि अंगणात उन्हात ठेवून जेवायला बसला. परत आली ती वाटीसारखी. त्यावर तो म्हणाला, "दादा, आमटी चांगली राहील यात." ती तबकडी मी तेरा वर्षे जपून ठेवली आहे. ती मोरूला द्यावी. सोबत माझा आशीर्वाद आणि माझी छत्री द्यावी, कारण ती तशीही त्याच्याकडेच आहे.

कलम ५. माझा स्वतःचा संग्रह, म्हणजे लाकडी कपाटातल्या तबकड्या, मुरुडचे दाऊदमियाँ इब्राहिम फकी यांना द्याव्यात. दर शुक्रवारी नमाज आटोपून ते एस.टी.ने येतात. काखेत पिशवी, पिशवीत चार तबकड्या. चार देतात, चार नेतात, आणि नेलेल्या चारांबद्दल पुढच्या शुक्रवारी भांडतात. असा मित्र मला दुकानानेच दिला. कव्वाल कोणता मोठा यावर आमचा वाद मिटलेला नाही, तो त्यांनी माझ्यामागे एकट्याने चालवावा. या मृत्युपत्राचे व्यवस्थापकही तेच.

कलम ६. आता धवल्याची तबकडी.

एकोणपन्नास साली तबकड्या काढणाऱ्या कंपनीचा माणूस दुकानात आला. म्हणाला, तुमच्या भागातले काही खास असेल तर भरून घेऊ. मी छाती फुगवून सांगितले, आमच्या आवडाबाईंसारखा गळा अख्ख्या कुलाब्यात नाही. मी आणि गोदू बाईंना आगबोटीने मुंबईस घेऊन गेलो. बंद खोलीत पंखा थांबवला, तांबडा दिवा लागला. तो माणूस म्हणाला, एका बाजूला तीन मिनिटे. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तीन मिन्टात नवरी मांडवात सुदा येत न्हाय रं." पण बसल्या. मग विचारले, "नावं कोनाची घालू?" लग्नाशिवाय धवला त्यांनी कधी म्हटलाच नव्हता. मी मागून म्हणालो, "आमचीच घाल, चांगदेव आणि गोदू." गोदू पदरात तोंड लपवून हसली.

तबकडी निघाली. लोक आपल्या बाईचा आवाज ऐकायला बंदरापर्यंत उभे राहिले. इथपर्यंत सगळे चांगले होते. पुढच्या हंगामात मला शहाणपण सुचले. मी यंत्र, कर्णा आणि ती तबकडी लग्नघरी भाड्याने द्यायला लागलो. धवलारणीला बोलवायचे तर तिच्या दारात सुपारी घेऊन जावे लागते, तिचा मान असतो, लुगडे असते, ती रुसली तर समजूत काढावी लागते. यंत्राला नुसती चावी द्यायची. घराघरांतून बाईंचे आवतण बंद झाले. आणि गंमत अशी की नवरा कोणीही असो, नवरी कोणीही असो, रेवदंड्यापासून बोर्ली पंचतनपर्यंत मांडवात नावे आमची वाजत होती. परक्याच्या हळदीला चांगदेव आणि गोदू! लोकांना त्यातही काही वावगे वाटेना. तबकडीत आहे म्हणजे शास्त्रच असणार, असे म्हणत.

त्रेपन्न साली आवडाबाई दुकानाच्या पायरीखाली उभ्या राहिल्या. डोक्यावर मिठाची पाटी. धवलारीण मिठागरावर मजुरीला जात होती. म्हणाल्या, "चांगदेवा, माजा गला तू पेटीत भरलास. आता माजं त्वांड तुला दिसायचं न्हाय." मी दुकानदार. मी म्हणालो, बाय, जमाना बदलला. देवा शप्पथ, माझ्या तोंडून निघालेले सगळ्यांत हलके वाक्य ते.

माझे डोळे उघडले छप्पन्न साली, मोरूच्या मुलीच्या हळदीला. पिन अडकली. नेमकी गोदूच्या नावावर. कर्णा ओरडतोय, गोदू, गोदू, गोदू. गाणे पुढे सरकेपर्यंत हात थांबवायचा नाही म्हणून बायका पोरीला हळद फासतच राहिल्या. कानांत गेली, डोळ्यांत गेली, पोर रडायला लागली, तरी कोणी थांबेना. धवला मध्येच तोडला तर अपशकुन, आणि थांब म्हणून सांगायला तिथे धवलारीण नव्हती. शेवटी माझी गोदू उठली आणि तिने पिन उचलली. घरी येऊन मला म्हणाली, "माझं लगीन एकदा झालं तेवढं पुरे. उद्यापासून हे बंद."

बंद केले. नुसते बंद केले नाही, विकलेल्या तबकड्या परत मिळवायला निघालो. आठ वर्षे हिंडलो. एस.टी.ने, होडीने, पायी. एकीच्या बदल्यात दोन नव्या दिल्या. एका घरात ती रांजणावर झाकण होती, तीही आणली. दाऊदमियाँनी मुरुडकडच्या शोधल्या. आता एकेचाळीस तबकड्या माझ्या खाटेखालच्या पेटीत आहेत. फोडायच्या म्हणून गोळा केल्या होत्या. साठ साली गोदू गेली, आणि माझा हात चालेना. तिचा एक फोटो नाही आमच्याकडे. तिचे नाव तेवढे त्या तबकडीत आहे, दुसऱ्या बाजूला, सुरुवातीलाच. वर्षातून एकदा, तिच्या तिथीला, मी ते ऐकतो. मला तिची फार आठवण येते.

कलम ७. त्या सर्व एकेचाळीस तबकड्या मी आवडाबाईंना देतो. गळा त्यांचा आहे. त्यांनी ठेवाव्यात, फोडाव्यात, समुद्रात टाकाव्यात, माझी किंवा माझ्या वारसांची हरकत नाही. मी त्यांची क्षमा मागतो. काशीच्या हळदीला त्या आल्या तर मी जिथे असेन तिथे सुखी होईन. न आल्या तर मांडवात यंत्र लावायचे नाही. धवल्याशिवाय हळद लावावी, आणि लोकांनी विचारले तर कारण माझे नाव घेऊन सांगावे.

वरील कलम ७ मी आज खोडले आहे. खोडाखोड माझ्या हातची असून बाजूला सही केली आहे. कारण पुढीलप्रमाणे.

कलम वाचून दाखवायचे म्हणून आज सकाळी मी काशीला आवडाबाईंकडे पाठवले. मला वाटले, येणार नाहीत. त्या आल्या. उंबऱ्याबाहेर ओटीवर उभ्या राहिल्या. केस सगळे पांढरे झाले आहेत. मी घरी खाटेवर बसून वाचले. वाचून होताच त्या एकदम कडाडल्या.

"बायकोचं नाव फोडाया मला देतंस? लाज न्हाय वाटत? ठेव तुज्या पेटीत."

मी म्हणालो, "बाय, मी आठ वर्षं दारोदार हिंडलो त्यांच्यासाठी."

"व्हय, हिंडलास. समद्यांच्या दारात गेलास. माज्या दारात आलास का? ह्या गावच्या टोकाला तर घर हाय माजं."

रीत मला माहीत होती. धवलारणीला बोलवायला तिच्या दारात जायचे असते. मी मात्र चूक निस्तरायला बोर्ली पंचतनला गेलो, आणि वाट बघत राहिलो की बाई आपणहून माझ्या पायरीशी येतील.

मी विचारले, मग आज कशा आलात. बाईंनी कमरेची पिशवी सोडून दाखवली. आत सुपारी आणि मूठभर तांदूळ. काशीने नेले होते. मला न विचारता. मी तिच्याकडे पाहिले तर म्हणाली, "बाबा, तुम्ही चार दिवस कागद लिहीत बसलात. सुपारी कोणीतरी न्यायला नको?"

मी खूप वेळ रडलो. हे मृत्युपत्रात लिहिण्याची गरज नाही असे वकील म्हणतील. ते इथे नाहीत.

तेव्हा धवल्याच्या तबकड्या काशीकडे राहतील. तिने त्या मांडवात लावू नयेत. घरात, आईची आठवण आली तर लावाव्यात. आवडाबाईंनी या मृत्युपत्राखाली काहीही घेण्यास साफ नकार दिला. ज्याला काही मिळत नाही तो साक्ष घालू शकतो असे वकिलांनी मागेच सांगितले होते, म्हणून मी त्यांना साक्ष घालाल का विचारले. त्यांनी उंबरा ओलांडला, खाटेजवळ आल्या, शाईत अंगठा बुडवला. तो पदराला पुसत पुसत काशीला म्हणाल्या, "नवऱ्या पोराचं नाव काय गो?"

काशी लाजून बोलेना. मी सांगितले, रघू.

"रघू," बाई म्हणाल्या. "काशी." मग डोळे मिटून दोन्ही नावे एकदा चालीत म्हणून पाहिली.

येथे माझे लिहिणे पुरे झाले. वर लिहिले ते मी वाचून, समजून, सही करतो.

ठिकाण रेवदंडा. सोमवार, दिनांक १० फेब्रुवारी १९६४.

सही: चांगदेव अंबाजी थळे

आम्हा दोघांसमक्ष थळे यांनी सही केली:

१. विठोबा रामा भगत, धंदा टपालवाटप, राहणार रेवदंडा. सही.

२. आवडाबाई, राहणार रेवदंडा, गावचे टोक. अंगठ्याची निशाणी. धंदा मी आधी मजुरी असा लिहिला होता. बाईंनी विचारून घेतले व खोडायला लावला. धंदा धवलारीण.