साडेवीस अंशांवरची उंद्री

रविवार, संध्याकाळ

फोनच्या नकाशातून गावाचे स्थान बिनचूक उतरवले, तरी संगणकावरच्या उड्डाण-सिम्युलेटरमधले विमान भलत्याच गावावर का जाते? दुपारपासून हाच प्रश्न. सुनंदाच्या पायाला प्लास्टर आहे; उंद्रीला तिच्या भावाच्या घराची वास्तुशांत आज तिच्याविना झाली. निदान माहेर वरून दाखवीन, असा शब्द मी दिला होता. सिम्युलेटरला वेगळे जोडलेले जीपीएस सुरेख चालले. मार्गाची रेघ उमटली, विमान तिच्यावरून तसूभर ढळले नाही. पण खाली उंद्री नाहीच, भलताच सपाट मुलूख!

"अहो, हे तं पूर्णेकडचं रान हाये. आमच्या उंद्रीले काऊन नेत नाही तुमचं विमान?"

फोनवर अक्षांश होता साधारण २०.५० अंश. मी भरले वीस अंश, पन्नास मिनिटे. तिने आकडे वाचले आणि हसली. "साडेदहाले तुम्ही दहा पन्नास म्हणता का हो, मास्तर?"

साडेवीस! म्हणजे वीस अंश तीस मिनिटे. अंशाचीही मिनिटे साठच... इतके साधे मला का सुचू नये? यंत्राच्या आज्ञाधारकपणाचे कौतुक आहेच. तिच्या नजरेचे त्याहून अधिक. रेखांशही तसाच सुधारला.

"थांबवा, थांबवा! तो आमचा मळा." मी पॉझचे बटण दाबले; विमान हवेतच थांबले. पडद्याला बोट लावून ती मळ्याचा बांध गिरवत राहिली.

यापुढे प्रत्येक मार्गाला ही कसोटी: पूर्ण अंश तसेच ठेवावेत, उरलेला दशांश भाग साठाने गुणून मिनिटे भरावीत, आणि उड्डाणाआधी तो बिंदू नकाशावर आपल्याच गावावर पडतो का, ते पाहावे.