आजीचा खालचा जबडा

४ मे, सकाळ
माझं आयुष्य काल दुपारी सव्वादोनला बदललं. आजीला दातांच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथली असिस्टंट ब्रायर म्हणाली, आजींचा हात धरा. आवाजात काहीतरी होतं. लग्न करीन तर हिच्याशीच.

आजीचे सगळे दात तिच्या बापाने एकोणिसाव्या वर्षी काढवले आणि लग्नाची भेट म्हणून कवळी दिली. नवऱ्याला पुढे खर्च नको. आमच्या गोर गावात तेव्हा तसंच चालायचं. साठ वर्षांत हाड झिजून खालचा जबडा पेन्सिलीएवढा उरलाय, कवळी नाचते. पणजोबा जिवंत असते तर त्यांचे दात मी पाडले असते.

११ मे
आजीला मटण चॉप चावायचाय, बास. मी डेंटल कॉलेजात दीड वर्ष काढलंय. सरांवर ट्रे फेकला नसता तर आज डॉक्टर असतो. उपाय ठरला: कवळी धरून ठेवायला गालाच्या हाडात लांब स्क्रू. मोठं ऑपरेशन, भरपूर खेपा. आजीसाठीच.
संकल्प: हात उचलायचा नाही.

१८ मे
दवाखान्यातले डॉ. पोहियो म्हणाले, गालातले स्क्रू वरच्या जबड्यासाठी असतात. आजीची वरची कवळी घट्ट आहे. खाली कमरेचं हाड लावता येईल, पण वर्ष जाईल. नाहीतर पुढे थोडं हाड आहे तिथे दोन छोटे स्क्रू, वर खटकन बसणारी कवळी. आजी म्हणाली, दोन पुरेत. मी कमरेचा आग्रह धरला. तर म्हणे, कंबर माझी आहे रे गाढवा! ब्रायर हसली. मला नव्हे, विनोदाला.
घरी आजीने चहापुरती टेबलावर काढून ठेवलेली खालची कवळी मी भिंतीवर फेकली. दोन तुकडे. लग्नातलीच होती.

१९ मे
आजी माझ्याकडे पाठ करून सूप पितेय. टेबल ही कवळी ठेवायची जागा आहे का?

९ जून
दोन्ही स्क्रू बसले. आता तीन महिने थांबायचं. तोवर ब्रायरला लग्नाचं विचारतो.

२८ ऑगस्ट
ब्रायरला न्यायला एक मेंढ्यांची लोकर कातरणारा येतो, ब्रेट. त्याला ती ‘राजा’ म्हणाली. उपरोध असावा. पार्किंगमध्ये त्याला ठोसा हाणला. त्याने एकच परत दिला. बरोबरी.

३० ऑगस्ट
माझा जबडा मोडला. पुढचे दोन दात गेले. डॉक्टरांनी तारेने तोंड बांधलं. ब्रायरने विचारलं, ब्रेटवर तक्रार करणार का? मी मान हलवली, नाही. थँक्यू म्हणाली, ऑक्टोबरात आमचं लग्न आहे.

१२ सप्टेंबर, संध्याकाळ
आजीची नवी कवळी खटकन बसली. समोर बसून तिने दोन चॉप संपवले, हाडंही चोखली. मी नळीने सूप. आजी म्हणाली, आमच्या वेळी लग्नाआधी नवरीचे दात काढायचे, आता भलत्याचेच काढतात.
ताडकन उठलो, बाहेर पडलो. दार मात्र हळूच लावलं. आपटलं की जबड्यात कळ जाते.