आखाजीच्या आत कूलरचा निकाल

अकोला,
आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आठ दिवस बाकी

चिरंजीव देवमन यास,

तुझ्या नत्थुजी भाऊजीचा पोटभर आशीर्वाद. तू आणि माधवी खुशाल असाल, तुझा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि अमरावतीच्या उन्हातही तुझं वेल्डिंगचं दुकान जोरात चालत असेल, असं धरून चालतो. धरून चालतो म्हणतो, कारण तू फोन उचलत नाहीस. (तीन वर्षांत एकदाच उचललास आणि 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिलास. अरे बाप्पा, छत्तीस वर्षं माझा आवाज ऐकतो आहेस!) म्हणून हे पत्र. जन्मभर शाळेत हेडक्लार्क होतो, त्यामुळे कागद समोर आला की माझी भाषा आपोआप शुद्ध होते, ते मनावर घेऊ नकोस. इकडे मी ठीक, तुझी बहीण सुभद्रा, म्हणजे तुझी बाई, ठीक, कूलर आजारी.

कूलर म्हणजे तोच, तुझ्या हातचा. एकोणीस वर्षांचा होतास तू. मालकाच्या दुकानात उरलेला पत्रा सुट्टीच्या दिवशी कापून, ठोकून तू तो केलास, आणि आमच्या लग्नात आंदणाच्या भांड्यांसोबत एसटीच्या टपावर बांधून अमरावतीहून अकोल्याला आणलास. तेव्हापासून दर आखाजीच्या आदल्या दिवशी तू यायचास, बाजूच्या ताट्यांत नवं गवत भरायचास, टाकीला डांबर फासायचास, मोटरीला तेल द्यायचास आणि दुसऱ्या दिवशी आमरस आणि गव्हाचे सरगुंडे खाऊन त्याच कूलरसमोर असा झोपायचास की शेवटची बस चुकायची. तर त्या कूलरने यंदा गुढीपाडव्यानंतर चारच दिवसांनी पाणी चढवणं सोडलं. पंखा फिरतो, टाकी भरलेली आहे, पण ताट्या कोरड्या ठणठणीत. आणि पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना कोरड्या ताट्यांतून जे येतं त्याला हवा म्हणणं हा हवेचा अपमान आहे.

मग मी स्वतःच पंपाचं काम पत्करलं. खिडकीबाहेर स्टूल ठेवतो, डोक्याला दुपट्टा बांधतो आणि तांब्याने ताट्यांवर पाणी मारतो. बारा ते चार, दर पंधरा मिनिटांनी. आत तुझी बाई गारव्यात पडलेली, बाहेर मी उन्हात उभा. एकदा तर स्टुलावरच डुलकी लागली आणि तांब्यातलं पाणी ताटीऐवजी शेजारच्या पार्वताबाईंच्या वाळत घातलेल्या मिरच्यांवर गेलं. (त्यावर त्या जे बोलल्या ते हेडक्लार्कला लिहिता येत नाही.) येणारा-जाणारा विचारतो, "काय काका, कूलरले आंघोळ घालून राहिले काय?" मी म्हणतो, हो, उद्या अभिषेक आहे, या.

हे सगळं पुण्याला विपुलच्या कानावर गेलं. (भाच्याचा फोन तरी उचलत जा रे.) तो म्हणाला, बाबा, भंगारात द्या तो डबा, मी एसी घेऊन देतो, आखाजीच्या आत बसवून टाका. मी नको म्हणत होतो, पण पोराचं मन मोडू नये म्हणून एसीच्या दुकानात बघायला गेलो. देवमन, तिथे काय थंडी आहे म्हणून सांगू! खुर्ची दिली, चहा दिला. मी एकेक एसी मन लावून पाहिला, पुन्हा पहिल्यापासून पाहिला, आणखी एक चहा घेतला. दोन तासांनी तिथला माणूस म्हणाला, "काका, पसंत पडला काय?" मी म्हणालो, उद्या पुन्हा येऊन नीट पाहतो. त्यानंतर त्यांनी चहा विचारणं बंद केलं.

तरी त्यांचा माणूस माप घ्यायला घरी आलाच. तो म्हणाला, एसी लावला की दार लावून घ्यावं लागेल. सुभद्रा म्हणाली, "दार लावलं तं पार्वताबाई कुठून येईन?" तुला ठाऊक आहे, दुपारी अर्धी गल्ली आमच्या कूलरसमोर गहू निवडत बसते. त्या माणसाने पुन्हा समजावलं की दार उघडं राहिलं तर गारवा बाहेर जातो. ती म्हणाली, "जाऊ दे ना मंग, बाहेरच्याईले ऊन लागत नाई काय?" त्याने मापाची पट्टी गुंडाळली. शेवटी तो म्हणाला, बाहेरचा डबा गच्चीवर बसवू, त्यातून गरम हवा निघते. तेव्हा मात्र ती थोडी विचारात पडली. त्या हवेवर कुरड्या लवकर वाळतील काय, एवढंच तिने विचारलं.

मग विपुलनेच फोनवरून कुलदीप नावाचा मिस्त्री पाठवला. चांगला पन्नाशीचा, हातात कसब असलेला माणूस. दोन्ही पाय टाकीत घालून उभा राहिला, इकडे ठोकलं, तिकडे ठोकलं आणि म्हणाला, "पंप जळला, बूड सडलं. नवा पंप मी बसवून देतो आत्ता, पण खरं सांगू काय, मावशी? याले भंगारात द्या." सुभद्राने त्याच्यासाठी पाण्याचा ग्लास आणला होता. तो त्याच्या हातापर्यंत पोचला होता. तिथून तिने तो परत घेतला. म्हणाली, "आमच्या कूलरले बाहेरचा हात लागत नाई. निंघा टाकीतून." बिचारा ओल्या चपलांनी गल्लीच्या टोकापर्यंत पचपचत गेला. तीन वर्षं झाली, ताट्यांतलं गवत तीच भरते, बोटं सोलून घेते, पण मला हात लावू देत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी एवढं लिहितो आहे ती लिहितो. तुझ्या मुलीच्या, आपल्या आचलच्या लग्नात तू मांडवात आंदण मांडलं होतंस. अलमारी, पलंग आणि एसी. पंगतीला उशीर झाला होता, सुभद्रा सकाळपासून उपाशी होती, आणि बायकांच्या घोळक्यात ती बोलून गेली, "पोरीले एसी, अन् बहिणीले पत्र्याचा डबा!" सगळ्या हसल्या. तू मागेच मठ्ठ्याची बादली घेऊन उभा होतास. तू बादली खाली ठेवलीस आणि आमच्या पंगतीत बसला नाहीस. तेव्हापासून तीन आखाज्या गेल्या, तू आला नाहीस. तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्या वयात पोरं पत्र्याने हात कापून घेतात त्या वयात तू बहिणीसाठी कूलर केलास, तो शब्द लागणारच. पण एक सांगतो. कुलदीप ठोकत होता तेव्हा समोरची जाळी निघाली. तिच्या आतल्या बाजूला तुझ्या हातची निळ्या रंगातली अक्षरं आहेत: 'बाईले.' आणि खाली तुझं घरचं नाव, 'देवा.' छत्तीस वर्षांत मी ती कधी पाहिली नव्हती. सुभद्राला मात्र ठाऊक होती. तिने पदराने त्यांवरची धूळ पुसली आणि कुलदीपला निंघा म्हणाली.

तर देवमन, दुरुस्त करायचा की टाकून एसी घ्यायचा, हा निकाल मला देता येत नाही. कूलर तुझ्या हातचा, मालकी तिची, मी मध्ये फक्त पाणी मारणारा. काय ते कळव. घरात माझी काही मदत होत नाही असं समजू नकोस, अलीकडे कोठीतून गहू काढून देण्याचं काम मी माझ्याकडे घेतलं आहे. माधवीला आशीर्वाद, आचलला आणि तिच्या घरच्यांना आठवण सांग.

तुझा,
नत्थुजी भाऊजी

ता. क. : कळव असं वर लिहिलं, ते खोडून वाच. कळवू नकोस, ये. विपुलने एसी सांगूनच टाकला आहे, एसीवाला आखाजीच्या दिवशी सकाळी येणार आहे. तू आदल्या दिवशीच्या बसने आलास तर मी त्याला दारातून परत पाठवतो.

ता. क. दुसरा : खोटं किती दिवस झाकून ठेवणार? पंप जळलेला नाही. तू कूलर असा पक्का करून ठेवला आहेस की तीन वर्षं तो बंदच पडेना, आणि बंद पडल्याशिवाय तुला बोलवायला निमित्त कोणतं? म्हणून मीच चांगला पंप काढला, जुना जळका लावला आणि चांगला माझ्या बनियनमध्ये गुंडाळून गव्हाच्या कोठीत पुरून ठेवला. तुझ्या बाईला यातलं काही ठाऊक नाही. आलास तरी तिला सांगू नकोस, माझी अब्रू तुझ्या हातात आहे. पाकीट चिकटवायला तिच्याकडेच देतो, ती माझी पत्रं वाचत नाही.

देवा, मी बाई लिहून राहिली. वाचलं मी सगळं. तुहे भाऊजी एसीच्या दुकानात चहा पेत बसले होते, त्याच दिवशी मी सरगुंड्यासाठी गहू काढले अन् पंप हाताले लागला. बादलीत लावून पाह्यला, मस्त चालते. मंग तसाच बनियनमंधी गुंडाळून परत गव्हात ठेवून देला. त्याईले वाटते, त्याईनं हे कायले केलं ते मले समजत नाई. मले बी तूच पाह्यजे. मी त्या दिवशी चुकीचं बोलली रे. लग्नात रडू येऊन राहिलं होतं, म्हणून हसायचं बोलली. तुह्या डब्याइतकं थंड मले कुठीच वाटलं नाई. आखाजीच्या आदल्या दिवशी ये. येतानी डांबर आनजो, बूड खरंच सडलं हाय. अन् कोठीचं भाऊजीले सांगू नको. छत्तीस वर्षांत घरातल्या कामाले पहिल्यांदा हात लावून राहिले, रोज सकाळी इचारते, "गहू काढून देऊ काय?"