डाव्या डोळ्याचा उजेड

सांगली, ५ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
धम्मपालचा सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर आबांचा आणि माझा आवाज चढतो, म्हणून लिहितो. त्यांना वाचून दाखव.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळीतली हवा पंपाने काढून मी थोडासा नायट्रोजन सोडतो. विजेने रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडाला की उरलेला आयन चेततो आणि शांत होताना उजेड टाकतो. त्यातला बराचसा अतिनील, न दिसणारा. त्यातली एक ठळक रेघ जांभळ्याच्या अगदी काठावर. यंत्र तीच टिपतं. दुपारी पडदे ओढले की खोली विहिरीच्या तळासारखी होते. आक्का, मला तिथे फार बरं वाटतं. नळीपुढची जाड काच मी रोज तपासतो, दोनदा.

तुझा आशीर्वाद पाठीशी राहो.
धम्मपाल

रहिमतपूर, १४ जानेवारी

चि. धम्मपाल,
जयभीम.

पत्र ऐकून आबा मधेच उठून गेले. वेल्डिंगच्या उजेडानं डावा डोळा खाल्ला, हेच ते धरून बसलेत. लोखंडाचा कण उडाला म्हणून आतलं भिंग काढावं लागलं, दुसरं बसवता आलं नाही, हे डॉक्टरांनी किती सांगितलं! म्हणतात, माझा गेला तो बास, पोराचे दोन न्हाई द्यायचे. पुढच्या बुधवारी तुला आपल्या वेल्डिंगच्या दुकानात परत आणायला येतायत. मी म्हणाले, आधी बघा तरी. तर म्हणाले, तू गप, तुझ्याच लाडानं बिघडलाय.

वेल्डिंगचा मुखवटा सोबत आणतायत. हसू नकोस.
तुझी आक्का, प्रियंका

सांगली, २३ जानेवारी

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम.

मी बॅग भरून ठेवली होती. आबा दारातच मुखवटा चढवून आत आले. त्यातून काय दिसणार? म्हणाले, ह्यो व्हय तुमचा उजेड, ह्यापरीस उदबत्ती बरी. आमच्या प्रयोगशाळेच्या संयोगिता मॅडमनी फक्त ती रेघ जाऊ देणारी काच लावली आणि मुखवटा काढून क्षणभर बघा म्हणाल्या. मॅडमना तर काहीच दिसत नाही, मला पुसट जांभळा डाग. आबांनी उजवा डोळा तळहाताने झाकला आणि डावा उघडला. मग हळूच म्हणाले, लय लख्ख हाय की रं, निळं, दुधावानी. तुमास्नी दिसत न्हाई व्हय?

मॅडम म्हणाल्या, डोळ्यातलं भिंग हा उजेड अडवतं, तुमच्याकडे ते नाही. आबांना पुन्हा बघायचं होतं. मॅडमनी नको म्हटलं, अशा डोळ्याला जपायला हवं.

स्टँडवर बॅग माझ्याच हातात ठेवून ते एकटेच एसटीत चढले. मी यायचं की राहायचं? झोप लागत नाही. लवकर कळव.
धम्मपाल

रहिमतपूर, ३० जानेवारी

चि. धम्मपाल,
जयभीम.

काल शेजारच्या लीलाबाईंनी आबांना टोमणा मारला, की आवं, पोराला आणाय गेलता नव्हं, कुटं हाय? आबा म्हणाले, त्याला तितं काम हाय. कसलं, म्हणून त्यांनी विचारलं. आबांनी उजवा डोळा झाकला आणि रिकाम्या अंगणाकडं कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ह्या एवढ्या हवेत काय काय हाय, ते बघायचं.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
आक्का